नाताळचा आनंद आणि नाताळचें वाङ्मय

ख्रिस्तजन्माच्या सणास आपण मराठींत 'नाताळ' म्हणतों. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला, आणि त्याचा मूळ अर्थ 'जन्माचा' एवढाच आहे. इंग्रजी नांवांत ख्रिस्ताचें नांव आहे व उपासनेचा विधिही आहे. आपल्या शब्दांत या दोहोंपैकीं एकही नाहीं. परंतु कोठें तरी एक मूल जन्मास आलें ही जी या सणांतील मुख्य गोष्ट, ती मात्र आपण परक्यांकडून उसन्या घेतलेल्या या शब्दांत जशीच्या तशी शाबूत राहिली आहे. शब्द घेणारांस ती ठाऊक होती असें नव्हे. शब्द पुष्कळदां बोलणारांहून शहाणे असतात.

दरवर्षीं डिसेंबर उजाडला कीं ख्रिस्ती जगांत एक तक्रार ऐकूं येते. सणांतून ख्रिस्त नाहींसा झाला, बाजार तेवढा उरला, असें धर्मगुरु सांगतात, वृत्तपत्रें लिहितात, आणि बाजारांत गर्दी करणारे लोकही खरेदी करतां करतां तेंच म्हणतात. तक्रार खोटी नाहीं. मुंबईच्या दमट हवेंत दुकानाच्या कांचेआड कापसाचा बर्फ पसरलेला आणि त्यावर लाल टोपीचा म्हातारा उभा केलेला आपणही पाहतों. ज्या पॅलेस्टाईनांत ती कथा घडली तेथेंही त्या म्हाताऱ्यास कोणी ओळखलें नसतें. परंतु आम्हांस एक गोष्ट पुष्कळ दिवस खटकत आली आहे. ही तक्रार करणारांची मुद्रा बहुधा अशी आंबट असते कीं, ज्या श्रद्धेच्या वतीनें ते बोलतात तींत आनंदास कांहीं जागा आहे कीं नाहीं असा संशय यावा. श्रद्धा सांभाळणारे गंभीर आणि आनंद करणारे श्रद्धाहीन अशी वांटणी एकदां झाली म्हणजे सण कोणाचाच राहत नाहीं.

आम्ही त्या धर्माचे नाहीं. वाङ्मयाचे वाचक या नात्यानेंच आम्ही हा विषय हातीं घेतला आहे, आणि आमचा प्रश्नही वाङ्मयापुरताच आहे: ख्रिस्तजन्माचा आनंद आणि त्या आनंदाचें कारण, हीं दोन्ही एकत्र ठेवणें लेखकांस कितपत साधलें? कारण गाळून नुसता आनंद लिहिणें सोपें आहे. आनंद गाळून नुसतें कारण सांगणें त्याहूनही सोपें आहे, आणि तें तर अनेक विद्वानांनीं केलें आहे.

आनंद गाळण्याचा सर्वांत धीट प्रयोग मात्र विद्वानांनीं नव्हे, कायदे करणारांनीं केला. इंग्लंडांत प्युरिटनांचा जोर असतां १६४७ सालीं पार्लमेंटानें नाताळ, ईस्टर वगैरे सण बंद केल्याचा हुकूम काढला. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनें १६५९ सालीं नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड ठरविला व तो १६८१ पर्यंत कायद्यांत राहिला. या लोकांस आज हंसणें सोपें आहे. परंतु त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. २५ डिसेंबर ही तारीख बायबलांत कोठेंही नाहीं. त्या दिवसांत दारू, जुगार आणि दांडगाई हीच काय ती उपासना पुष्कळ ठिकाणीं चाले. त्यांस ख्रिस्त हवा होता, गोंगाट नको होता. चूक झाली ती एवढीच कीं, गोंगाटाबरोबर गाणेंही गेलें. लूकच्या शुभवर्तमानांत देवदूत मेंढपाळांस प्रथम भिऊं नका म्हणून सांगतो व लगेच मोठ्या आनंदाची वार्ता देतो. या दुसऱ्या वाक्यास दंड बसवून पहिल्या वाक्याचा धर्म चालविणें ही गोष्ट फार काळ टिकण्यासारखी नव्हती.

पांच शिलिंगांवरून आठवलें. डिकन्सचें 'ए ख्रिसमस कॅरोल' १९ डिसेंबर १८४३ रोजीं प्रसिद्ध झालें तेव्हां त्याची किंमतही पांच शिलिंगच होती. एका शतकांत ज्या रकमेनें नाताळ विसरावयास लाविला, त्याच रकमेनें दुसऱ्यांत तो पुन्हां विकत मिळूं लागला! आणि याहूनही एक हिशेब मनास टोंचणारा आहे. त्या गोष्टींतील कारकून बॉब क्रॅचिट याचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग. स्वतःविषयींचें तें सोनेरी कांठाचें, रंगीत चित्रांचें पुस्तक घ्यावयाचें तर बॉबला दोन दिवसांची मजुरी मोजावी लागली असती. पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत खपल्या. त्यांतील किती प्रती बॉबसारख्यांच्या घरीं गेल्या असतील याची कल्पना वाचकांनींच करावी.

या पुस्तकानें आधुनिक नाताळ घडविला असें म्हणतात, व त्यांतून ख्रिस्तास वगळण्याचा आरोपही त्याच्यावरच येतो. आरोप करणारांचा मुद्दा असा: येथें भुतें आहेत, मेजवान्या आहेत, कंजूष म्हातारा उदार होतो, पण गोठा नाहीं, गव्हाण नाहीं, मरिया नाहीं, बालकाचें नांव सुद्धां नाहीं. हें वरवर पाहतां खरें आहे. येशू हें नांव या पुस्तकांत आढळत नाहीं. परंतु पुस्तक सावकाश वाचणारास एक वेगळीच गोष्ट दिसूं लागते. नांव नाहीं, पण नांवाचा मालक प्रत्येक दाराशीं उभा आहे.

पहा. मार्लेचें भूत आपल्या पापांचा पाढा वाचतांना म्हणतें कीं, ज्या ताऱ्यानें ज्ञानी लोकांस एका गरिबाच्या घराकडे नेलें त्या ताऱ्याकडे आपण कधीं मान वर करून पाहिलें नाहीं. चिमुकला टिम चर्चमधून बापाच्या खांद्यावर बसून परत येतो तेव्हां त्याच्या मनांत येतें तें असें: आपण पंगु आहों हें लोकांनीं पाहिलें तें बरें झालें, पांगळ्यांस चालविणारा आणि आंधळ्यांस डोळे देणारा कोण होता याची आठवण त्यांस आजच्या दिवशीं होईल. स्क्रूजच्या पुतण्याच्या घरीं मोठीं माणसें पोरखेळ खेळतात, आणि लेखक मध्येंच सांगून जातो कीं, कधीं कधीं मूल होणें चांगलें, व त्याला नाताळइतका योग्य दिवस नाहीं, कारण या सणाचा प्रवर्तक स्वतःच तेव्हां मूल होता. स्क्रूजच्या दाराच्या फटीशीं एक पोरगा नाताळचें गाणें म्हणावयास तोंड उघडतो आणि म्हातारा रूळ उगारून त्याला पळवून लावतो; पुढें पश्चात्ताप होऊं लागतो तेव्हां त्याला हें पोरच पहिल्यानें आठवतें. पुस्तकाचें नांवच मुळीं 'गाणें', प्रकरणांना नांव 'कडवें'. अर्थात् स्क्रूजनें रूळ उगारला तो या पुस्तकावरच.

परंतु सर्वांत सूक्ष्म जागा आहे ती पुतण्या फ्रेडच्या भाषणांत. तो म्हणतो कीं, या सणाच्या पवित्र नांवाबद्दल आणि उगमाबद्दल जो आदर वाटावयाचा तो बाजूस ठेवला तरी हा काळ प्रेमाचा व क्षमेचा आहे. आणि वाक्य पुरें होण्यापूर्वींच त्यांत तो एक पोटवाक्य घालतो: या सणांतील कोणतीही गोष्ट त्या उगमापासून बाजूला काढतां येत असेल तर! हें पोटवाक्य वाचतांना बहुतेकांची नजर त्यावरून घसरून जाते. आमच्या मतें सबंध वादाचा निकाल त्यांत आहे, आणि डिकन्सला तो निकाल ठाऊक होता. त्यानें उगम बाजूस ठेवून गोष्ट लिहिली. पण ठेवतां ठेवतां आपण काय करीत आहों याबद्दलची शंका नोंदवून ठेवली. पुढच्या नक्कल करणारांनीं गोष्ट घेतली, शंका गाळली.

हें त्यानें कां केलें याचें उत्तर त्या वर्षांत सांपडतें. १८४३ च्या सप्टेंबरांत तो लंडनमधील फील्ड लेनची गरीब मुलांची शाळा पाहून आला होता. खाणींत व कारखान्यांत राबणाऱ्या बालकांविषयींचे सरकारी अहवाल त्याच सुमारास बाहेर पडले होते. उपाशी मुलांना धर्मशिक्षण देणारे आणि धर्मशिक्षण देऊन झाल्यावर उपाशीच घरीं पाठविणारे लोक त्यानें पाहिले होते. अशा माणसास गव्हाणीचें चित्र काढावयास सांगितलें तर तो तें काढणार नाहीं. तो त्या गव्हाणींतील मूल आज कोणत्या गल्लींत आहे तें दाखवील. वर्तमान नाताळच्या भुताच्या झग्याखालीं अज्ञान व दारिद्र्य यांचीं जीं दोन भेसूर बालकें दडलेलीं आहेत, तें डिकन्सचें जन्मचित्र होय. त्यांत आनंद नाहीं, पण श्रद्धा आहे. त्या काळीं तो युनिटेरियन मंडळींच्या उपासनेस जात असे. ख्रिस्त हा देवाचा अवतार म्हणून नव्हे, तर माणसांतील परम दयाळू म्हणून त्याला जवळचा वाटे. पुढें १८४६ ते १८४९ च्या दरम्यान त्यानें स्वतःच्या मुलांसाठीं येशूचें एक साधें चरित्र लिहून ठेवलें आणि तें छापूं दिलें नाहीं. तें प्रसिद्ध झालें १९३४ सालीं, त्याच्या शेवटच्या मुलाच्या निधनानंतर. जगासाठीं भुतांची गोष्ट आणि घरासाठीं ख्रिस्ताची, अशी ही वांटणी होती. ती भित्रेपणाची नव्हती, संकोचाची होती. पण वांटणी ती वांटणीच.

आतां या पुस्तकांत काय नाहीं तें सांगितलें पाहिजे. यांत वाट पाहणें नाहीं. गोष्ट सुरू होते ती नाताळच्या आदल्या संध्याकाळीं, आणि एका रात्रींत सर्व उरकतें. ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या पंचांगांत या सणापूर्वीं सुमारें चार आठवडे प्रतीक्षेचे असतात. त्यांत उपवास, प्रार्थना, जुन्या संदेष्ट्यांचें वाचन चालतें. २५ तारखेस सण संपत नाहीं, सुरू होतो, आणि ६ जानेवारीपर्यंत चालतो. बाजारानें याच्या बरोबर उलट केलें. नोव्हेंबरांतच गाणीं वाजूं लागतात, आणि २६ तारखेच्या सकाळीं सजविलेलें झाड रस्त्यावर येऊन पडतें. आनंदाचें कारण गेलें म्हणून आम्ही हळहळतों. पण आनंदाआधींची भूक गेली ही हानि त्याहून लहान नाहीं. जेवणापूर्वींच पोट भरलें तर पक्वान्नास दोष देण्यांत अर्थ काय?

वाट पाहण्याचा हा धडा आम्हांस ज्या ग्रंथानें शिकविला तो इंग्रजी नाहीं. तो आपल्याच भाषेंतला आहे, जरी त्याचा कर्ता इंग्रज होता. विल्टशरमध्यें जन्मलेला थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला, चाळीस वर्षें बहुतेक साष्टींत राहिला, १६१९ सालीं वारला. त्याचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें: मराठी ओंव्या, मधूनमधून कोंकणी शब्द, रोमन लिपि, ओंव्यांची संख्या सुमारें अकरा हजार. स्वर्गास तो निःसंकोच वैकुंठ म्हणतो. या ग्रंथाचे भाग दोन. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून आदामाच्या पतनावरून, इस्राएलांच्या राजांवरून व संदेष्ट्यांवरून कथा सावकाश चालत येते. ख्रिस्ताचा जन्म येतो तो दुसऱ्या पुराणांत. म्हणजे बेथलेहेमास पोंचण्यापूर्वीं श्रोत्यास हजारों ओंव्या ऐकाव्या लागतात. आजच्या वाचकास हा कंटाळा वाटेल. आम्हांसही कांहीं ठिकाणीं वाटला. परंतु जन्माचा प्रसंग येतो तेव्हां तो एखाद्या बातमीसारखा येत नाहीं, फार दिवस अडून राहिलेल्या उत्तरासारखा येतो. आपल्याकडे कीर्तनांत जन्माचें आख्यान लागलें कीं बुवा मुद्दाम वेळ लावतात, आणि पाळण्याची दोरी हातीं येईपर्यंत मंडळी ताटकळून बसतात. तो ताटकळणें हा आनंदाचाच भाग असतो, हें कोणास सांगावयास नको. स्टीफन्सला ही गोष्ट कळली होती, कारण त्याचे श्रोते तींत वाढले होते.

त्या श्रोत्यांविषयींही लिहिलें पाहिजे, नाहीं तर आमची ही स्तुति अप्रामाणिक होईल. साष्टींतील देवळें १५६७ च्या सुमारास पाडण्यांत आलीं होतीं. जुनीं पुराणें वाचण्यास नवख्रिस्त्यांना बंदी होती. ग्रंथाच्या आरंभींच एक प्रसंग आहे: एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? या प्रश्नांत अर्ज आहे तसें गाऱ्हाणेंही आहे. ज्यांनीं गाणें काढून घेतलें त्यांच्याजवळच गाणें मागण्याची ही पाळी होती. 'ख्रिस्तपुराणा'ची गोडी कितीही असो, तिच्या तळाशीं ही जखम आहे, आणि ती झांकून ठेवणाऱ्या टीकाकारावर आमचा विश्वास नाहीं. पण याच प्रश्नांतून दुसरीही एक गोष्ट दिसते. त्या माणसास प्रश्नोत्तरांची पोथी मिळाली होती, नियम मिळाले होते, प्रवचनें मिळत होतीं. तेवढ्यानें त्याचें भागलें नाहीं. ज्यावर विश्वास ठेवावयाचा तें गातां आलें पाहिजे, ऐकतांना रात्र सरली पाहिजे, असें त्यानें मागितलें. आणि ऑक्सफर्डच्या विद्येच्या छायेंतून आलेल्या पाद्रीपेक्षां हें त्याला अधिक चांगलें कळत होतें. पाद्रीचा मोठेपणा इतकाच कीं, त्यानें तें ऐकलें.

पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारानें लोकभाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. तरी हें पुराण हस्तलिखितांतून जगलें, गोव्याबाहेर गेलेल्या कुटुंबांबरोबर दक्षिणेकडे गेलें आणि १९०७ सालीं मंगळुरास पुन्हां छापलें गेलें. जें केवळ पटवून दिलेलें असतें तें हुकुमानें मरतें. जें गाइलें गेलेलें असतें त्याला हुकूम पोंचत नाहींत. प्युरिटनांचाही नाहीं, विजरईचाही नाहीं.

आनंदाला कारण हवें आणि भूक हवी हें झालें. तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत जन्मकथेला लागूनच हेरोदानें केलेली बालहत्या येते. चर्चच्या पंचांगानेंही ती बाजूस सारली नाहीं. नाताळच्या दुसऱ्याच दिवशीं पहिला हुतात्मा स्तेफन याचा दिवस, आणि २८ तारखेस त्या मारलेल्या बालकांचा. कंसाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांस ही जवळीक चमत्कारिक वाटणार नाहीं. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री गांवीं कातरकाम करणाऱ्यांच्या व शिंप्यांच्या संघांनीं मध्ययुगांत जें नाटक चालविलें त्यांत बेथलेहेमच्या आया आपल्या मुलांना निजवितांना एक अंगाई म्हणतात. दाराबाहेर हेरोदाचे शिपाई आलेले असतात. ती नाताळचें गाणें म्हणूनच आजवर गाइली जाते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं तें गांव व तेथील कॅथीड्रल जाळलें, आणि सहा आठवड्यांनीं त्याच उघड्या भिंतींमधून नाताळच्या दिवशीं आकाशवाणीवर ही अंगाई गाण्यांत आली. तेथील मुख्य पाद्री रिचर्ड हॉवर्ड यांनीं त्या वेळीं सुडाचा विचार मनांतून घालविण्याचा संकल्प बोलून दाखविला. पुष्कळांस तो त्या काळीं रुचला नसेल. परंतु कापसाचा बर्फ त्या भिंतींत टिकला नसता, हें अगदीं उघड आहे, अंगाई टिकली.

संगीतांत हेंच बाखनें केलें. १७३४ च्या नाताळापासून पुढील जानेवारीच्या ६ तारखेपर्यंत लाइप्त्सिगच्या चर्चांत जें त्याचें सहा भागांचें जन्मगीत झालें त्यांतील पहिल्या सामुदायिक स्तोत्रास त्यानें दिलेली चाल आजच्या श्रोत्यास ओळखीची आहे ती ख्रिस्ताच्या कांटेरी मुकुटाच्या शोकगीताची म्हणून. पाळण्यापाशीं क्रूसाचा सूर! त्या काळीं ही चाल दुसऱ्या गीतांनाही लावीत असत, तेव्हां तींत हेतु किती व योगायोग किती यावर संगीतज्ञांनीं वाद घालावा. गंमत अशी कीं, मुळांत ती १६०१ सालच्या एका प्रेमगीताची चाल होती, हास्लर नांवाच्या जर्मन संगीतकाराची. आणि त्या शेवटच्या भागाच्या अखेरीस तीच चाल पुन्हां येते, पण आतां तिच्याभोंवतीं तुताऱ्या वाजत असतात. दुःख पुसून टाकलेलें नसतें. सूर तोच असतो. त्याच्या आजूबाजूस काय वाजत आहे तें बदललेलें असतें. ख्रिस्ती आनंद म्हणजे काय असें आम्हांस कोणी विचारलें तर आम्ही व्याख्या न करतां हा भाग ऐकावयास सांगूं.

मराठींत हा आनंद कोणीं आणला असें विचाराल तर नारायण वामन टिळकांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें ख्रिस्ती मंडळींत इंग्रजी चालींचीं भाषांतरित स्तोत्रें चालू असतां त्यांनीं अभंग, भजन व कीर्तन आणलें. उपदेश भाषांतर करून चालतो. हर्ष भाषांतर करून चालत नाहीं, हें कवीलाच कळावयाचें. त्यांनीं ओंवीबद्ध 'ख्रिस्तायन' आरंभिलें आणि १९१९ सालीं ते गेले. अपुरें राहिलेलें तें काव्य लक्ष्मीबाईंनीं पुढें नेऊन पुरें केलें. ज्यांनीं 'स्मृतिचित्रें' वाचलीं आहेत त्यांस लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचा रंग कोणता हें सांगावयास नको. ताटातूट, दारिद्र्य, प्लेग, मुलांचीं मरणें एवढें सर्व त्या पुस्तकांत आहे, आणि तरी पानापानाला वाचक हंसतो. धर्माविषयीं त्या क्वचितच प्रवचन करतात. काव्यदृष्ट्या 'ख्रिस्तायन' आम्ही 'ख्रिस्तपुराणा'च्या बरोबरीस बसविणार नाहीं. त्याचा ओघ कित्येक जागीं मंद आहे. पण नवऱ्याच्या मागें राहिलेली बायको त्याच्या हातून सुटलेली ख्रिस्ताची कथा उचलते आणि शेवटास नेते, ही गोष्ट काव्याच्या गुणदोषांत मोजतां येत नाहीं.

आतां पुन्हां डिकन्सकडे वळूं, कारण त्याच्यावर आम्हीं वर जो दोष ठेवला तो एका ठिकाणीं आम्हांस मागें घ्यावा लागतो. लोकांच्या लक्षांत राहतो तो पुस्तकाचा शेवट: टर्की येते, पगार वाढतो, टिम जगतो. लेखकानें तर टिम मेला नाहीं हें मोठ्या जोरानें सांगितलें आहे. हा शेवट गोड आहे, आणि त्याबद्दल डिकन्सला दोष देणारे समीक्षक स्वतः कधीं लहान होते कीं नाहीं याची आम्हांस शंका येते. परंतु जो आनंद मूल जगण्यावर अवलंबून आहे, तो ज्या घरांतलें मूल जगलें नाहीं त्या घरास काय कामाचा? १८४३ च्या लंडनमध्यें अशीं घरें थोडीं नव्हतीं, आणि डिकन्सला त्यांचे पत्ते माहीत होते. शेवट त्यांच्यासाठीं नाहीं. त्यांच्यासाठीं त्यानें एक वेगळी जागा करून ठेवली आहे, आणि ती शेवटच्या भुताच्या प्रकरणांत आहे.

तेथें टिम मेलेला आहे. घर शांत आहे. आई काळें कापड शिवीत बसली आहे आणि त्या रंगानें डोळे दुखतात असें म्हणते, म्हणजे नवरा येईपर्यंत रडल्याची खूण दिसूं नये. थोरला मुलगा पुस्तक वाचीत आहे, आणि स्क्रूजच्या कानीं त्या पुस्तकांतील शब्द पडतात: त्यानें एक मूल घेऊन तें त्यांच्यामध्यें उभें केलें. हे शब्द आपण कोठें ऐकले असें स्क्रूजला वाटतें. मार्काच्या शुभवर्तमानांतले ते आहेत हें लेखक सांगत नाहीं, मुलगाही पुढें वाचीत नाहीं. मग बॉब येतो. थोडें बोलून तो माडीवर जातो. माडीवरच्या खोलींत दिवे लावलेले आहेत आणि भिंतींवर नाताळची हिरवी सजावट टांगलेली आहे. मुलाजवळ एक खुर्ची आहे, नुकतेंच कोणी तरी तेथें बसून गेलें असावें अशी. बॉब तींत बसतो. जरा वेळानें तो त्या लहानशा चेहऱ्याचें चुंबन घेतो, झालेल्या गोष्टीशीं त्याचें मन समेट करतें, आणि तो पुष्कळसा सुखी होऊन खालीं येतो.

सुखी होऊन! हा शब्द डिकन्सनें येथें कसा घातला? एरवीं रडावयाची एकही संधि न दवडणारा हा लेखक या ठिकाणीं दोन वाक्यांत संपवितो. बॉबला कोणी उपदेश केलेला नाहीं. त्यानें देवाचें नांवही घेतलेलें नाहीं. फक्त खोली उजळलेली आहे, सजावट काढलेली नाहीं, आणि मध्यें एक मूल आहे. खालीं नुकतेंच वाचलेलें वाक्य वर खरें झालेलें आहे. ज्या गोठ्याचें चित्र या पुस्तकांत नाहीं म्हणून ओरड होते तो गोठा हाच, आणि त्यांतून जो माणूस बाहेर येतो तो मेंढपाळांसारखा भीति संपलेला माणूस आहे. टिमचा हा मृत्यु पुढें खोटा ठरतो. बॉबचें तें खालीं येणें मात्र खोटें ठरत नाहीं.

स्क्रूज सुधारल्यावर नाताळच्या सकाळीं चर्चमध्यें जाऊन येतो. त्याबद्दल डिकन्सनें तीन-चार शब्द खर्चिले आहेत आणि लगेच तो रस्त्यावरच्या मुलांच्या डोक्यावरून हात फिरविणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागें निघून गेला आहे. आंत काय झालें तें त्यानें सांगितलें नाहीं. माडीवर मात्र तो बॉबबरोबर गेला होता. मुलांसाठीं या गोष्टीचा मराठींत संक्षेप करूं पाहणारांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मेजवानीचीं पानें लागल्यास कमी करावींत, भुतांचीं वर्णनें आंखडतीं घ्यावींत, पण माडीवरचा हा प्रसंग गाळूं नये. तो फार लांब नाहीं. एका पानांत बसतो.